ताणावरचं झाड

रायपूरच्या समता कॉलनीतले गंगाधरराव बोंद्रे तसे कोणाच्या अध्यात ना मध्यात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढली. बरोबरीचे लोक पुढे निघून गेले, हाताखाली शिकलेला एक जण तर त्यांचाच साहेब होऊन बसला, पण यांच्या कपाळावर आठी पडली नाही. कोणी मोठी गाडी घेतली तर हे पेढा खाऊन यायचे. साडूनं तीन मजली घर बांधलं तर तिन्ही मजले चढून, गच्चीवरची हवा खाऊन, तोंडभर कौतुक करून आले. अशा माणसाला हेवा म्हणजे काय हे एकोणसत्तराव्या वर्षी कळावं, आणि तेही एका झाडापायी, याचं खरं तर हसू यायला हवं. पण गंगाधररावांना हसू येत नव्हतं. त्यांच्या पोटात वर्षभर दुखत होतं.

झाड संत्र्याचं होतं, आणि भिंतीपलीकडे होतं.

तसं संत्र्याचं झाड गंगाधररावांकडेही होतं. त्याची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. त्यांची बायको शारदाबाई काटोलकडच्या. वडिलांची संत्र्याची बाग, आठशे झाडं. लग्न होऊन त्या रायपूरच्याच तात्यापाऱ्यात आल्या, तिथल्या दोन खोल्यांच्या घरात, आणि पहिल्याच माघात त्यांनी सासूला विचारलं, "इथं संत्र्याले फुलं कधी येतात?" घरातले सगळे हसले. रायपुरात कुठलं आलंय संत्रं! शारदाबाईंनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या वेळचा त्यांचा चेहरा नव्या नवऱ्याच्या लक्षात राहिला. तो त्यानं इतका लक्षात ठेवला, की रिटायर होऊन समता कॉलनीत घर घेतल्यावर आत सामान लागायच्या आधी अंगणात संत्र्याचं कलम लागलं.

त्याला नऊ वर्षं झाली. झाड गच्चीच्या कठड्याला टेकलं. पानं अशी हिरवीगार, की येणारा-जाणारा थांबून बघे. फूल मात्र एक नाही. सकाळी साडेसहाला नळ यायचा तो पाऊण तास टिकायचा. घरातलं भरून झालं की उरलेला अर्धा तास पाइप झाडाच्या आळ्यात. उन्हाळा असो, हिवाळा असो, गंगाधररावांनी त्याला एक दिवस तहानलेलं ठेवलं नाही. दुसऱ्याच वर्षी शारदाबाई म्हणाल्या होत्या, "अवो, याले ताण द्या. पौषात पाणी तोडा, मुळ्या उघड्या पाडा. पानं कोमेजू द्या. मंग खत घालून पाणी सोडा, तेव्हा फुटते बहार."

"उपाशी ठेवून कोणी लेकरू वाढवते का?" गंगाधरराव म्हणाले होते. "छोड, तुझ्या बाबाच्या जमान्याच्या गोष्टी."

बाईंनी विषय सोडला. त्या एकदा सांगतात, दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

पाच वर्षांपूर्वी शेजारी नरेश राहायला आला. वरुडचा पोरगा, नवा रायपूरला कुठल्याशा संस्थेत नोकरी, बायको ज्योतीही तिथंच कामाला. वडील बागाईतदार. त्यांनी पोराच्या सामानात एक कलम घालून दिलं होतं, ते त्यानं भिंतीला लागून लावलं. त्या बाजूला आधीच्या मालकानं गाडीभर काळी माती टाकून ठेवलेली, त्यामुळे झाड झपाट्यानं वाढलं. मागच्या वर्षी नरेशनं पौषात त्याचं पाणी तोडलं. पानं मलूल झाली, पिवळी पडली, गळायला लागली. गंगाधररावांना चार दिवस जेवण गोड लागलं. आणि फेब्रुवारीत एका सकाळी ते झाड पांढरं झालं.

शारदाबाई देवपूजा अर्धी टाकून भिंतीशी गेल्या. डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बाबांच्या बागेत उभी आहो असं वाटलं." हे त्या नवऱ्याला म्हणाल्या नाहीत. नरेशला म्हणाल्या.

पुढे महिनाभर रोज तेच. सकाळी भिंतीशी, संध्याकाळी भिंतीशी. नरेश तिकडून, बाई इकडून, आणि मध्ये काटोल-वरुडच्या गप्पा. कोणाच्या बागेत किती निघालं, डिंक्या रोग लागलेल्या झाडाला काय लावावं. तात्यापाऱ्यात जन्मलेल्या गंगाधररावांची मराठी निम्मी हिंदी. या दोघांचं बोलणं त्यांना कळे, पण त्यात शिरायला जागा सापडत नसे. बाई अशा खळखळून हसत, की गंगाधरराव खोलीत पेपर धरून विचार करत, माझ्याशी बोलताना ही असं शेवटचं कधी हसली? चाळीस वर्षांपूर्वीचा एक चेहरा लक्षात ठेवून झाड लावलं मी, आणि वास आणून दिला त्यानं. हे त्यांना सहन होत नव्हतं. कोणी विचारलं असतं तर "मले काय फरक पडते" म्हणाले असते. पण फरक पडत होता. घास गिळता येऊ नये इतका पडत होता.

आता कोणी म्हणेल, मग यांनीही ताण द्यायचा. तो एवढा मोठा मंत्र होता का? नव्हता. पण बायकोचं सात वर्षं ऐकलं नाही आणि कालच्या पोराचं बघून करायचं, हे गंगाधररावांच्या नाकाला झेपणारं नव्हतं. त्यांनी ठरवलं, येत्या वसंतात आपलं झाड फुलवायचं, पण आपल्या पद्धतीनं.

म्हणून यंदा त्यांची हिवाळ्याची तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू झाली. गुलाब छाटले. फाटकाजवळचे वाफे फावड्यानं खाली-वर करून उन्हात तापत टाकले. संत्र्याची वाळकी काटकी न काटकी काढली. नरेशनं आपल्या झाडाच्या खोडाला मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप दिला, तो भिंतीवरून दिसला, तर यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या खोडाला गेरू फासला. तोही दोन हात जास्त उंच. मग मोबाइलवर कुठल्यातरी माणसाचं ऐकून झाडाभोवती हातभर खोल गोल खड्डा खणून काढला, मुळ्या दिसायला लागल्या, आणि खतासाठी भैय्यालालला निरोप धाडला. भैय्यालाल सायकलवर शेणखताची पोती आणून देई. तो म्हणाला, "हव कका, आज-कल में." आणि धानाच्या मिंजाईला, म्हणजे मळणीला, गावी निघून गेला. खड्डा तसाच उघडा राहिला.

डिसेंबरच्या वीस तारखेला नरेश आणि ज्योती किल्ली घेऊन आले. नरेशचे वडील बागेत शिडीवरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. महिनाभर तरी वरुडला राहावं लागणार होतं.

"काका, कुंड्याइले तेवढं पाणी देजा," नरेश म्हणाला. "वीस-बावीस आहेत. संत्र्याले मात्र थेंबभर नका देऊ. आठच दिवस झाले ताणावर टाकून. काळी माती आहे, लवकर सुकत नाही, पूर्ण महिना लागन. मी आलो की तोडतो ताण." मग तो शारदाबाईंकडे वळला. "मावशी, बाबाचा एकच धोशा लागून आहे. म्हणतात, खाटेवर पडल्या पडल्या तुह्या झाडाचा बहार पाहायचा आहे, फोटो पाठवजो."

"ताण" हा शब्द कानावर पडताच शारदाबाईंची कळी खुलली. "ताणावरच्या झाडाले कोणी हात लावत नाही, बापू. आमच्या गावात एकानं लावला होता. धुऱ्याचं, बांधाचं भांडण होतं. आमचे काका बाजाराले गेले असताना त्यानं पाट फोडून त्यांच्या बागेत पाणी सोडलं. शंभर झाडांचा बहार गेला."

"मंग?" ज्योतीनं विचारलं.

"मंग काही नाही. ना पोलीस, ना पंचायत. फक्त पुढची फळं उतरेपर्यंत गावातलं कोणी त्याच्या घरचं पाणी प्यालं नाही. त्याच्या पोरीचं लग्न लागलं त्या साली. वऱ्हाडी जेवले त्याच्या मांडवात अन् पाणी प्याले शेजारच्या विहिरीवर."

"हाव, आमच्याकडे पण असंच होते," नरेश म्हणाला.

गंगाधरराव बाजूला उभे राहून किल्ली खिशात टाकत होते. त्यांनी सगळं ऐकलं. हे इथंच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी त्यांच्या बाजूनं बोलायला नको.

पहिले दोन दिवस त्यांनी इमानानं फक्त कुंड्यांना पाणी दिलं. स्वतःच्या अंगणातला पाइप भिंतीवरून पलीकडे टाकायचा, मग फाटकानं फिरून तिकडे जायचं. दहा मिनिटांत कुंड्या होत. तिसऱ्या दिवशी कुंड्या झाल्या तरी पाइप वाहत होता. समोर झाड. पानं नुकतीच मिटायला लागलेली, देठाशी जरा फिकट. फेब्रुवारीत हे पुन्हा पांढरं होणार, आणि शारदा पुन्हा भिंतीशी उभी राहणार. पुन्हा तो वास, पुन्हा ते हसणं, आणि आपण खोलीत पेपर धरून. गंगाधरराव मोठ्यानं म्हणाले, "बिचारं, कसं सुकून राहिलं," आणि पाइप आळ्यात टाकला.

तिथं ऐकायला कोणी नव्हतं. ते वाक्य त्यांनी स्वतःसाठीच म्हटलं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही पटलं नाही. तरी नळ जाईपर्यंत पाइप तिथंच राहिला.

मग रोज तेच चाललं. घरातलं भरायचं, सगळ्यांत आधी शारदाबाईंचा गिलास. बाईंना सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यावी लागे, आणि नळाच्या पहिल्या पाण्याचा गिलास त्यांच्यासमोर नेऊन ठेवणं हे गंगाधररावांचं रिटायर झाल्यापासूनचं काम. ते झालं की पाइप भिंतीवर. पूर्वी जो अर्धा तास त्यांच्या झाडाचा होता, तो आता सबंध शेजारच्या झाडाचा झाला. आपल्या झाडाला काही कमी पडतंय हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. नजर सगळी तिकडे होती. बाराव्या दिवशी नरेशच्या झाडाच्या शेंड्यांवर पोपटी कोंब दिसले, कळीचे नव्हेत, पानांचे. गंगाधररावांना इतका आनंद झाला, की घरी येऊन त्यांनी दोनदा पोहे मागून घेतले.

शारदाबाईंना घरातून पाइप दिसे, नवरा फाटकातून जाता-येताना दिसे. त्यांनी ज्योतीला फोनवर सांगितलं, "तुमचे काका एक दिवस चुकत नाहीत बरं. अर्धा अर्धा तास असतात कुंड्यांजवळ. स्वतःच्या अंगणात इतका जीव लावत नाहीत." हे सांगताना बाईंच्या आवाजात जे कौतुक होतं, ते गंगाधररावांनी दाराआडून ऐकलं. त्यांना क्षणभर लाज वाटली. मग त्यांच्या मनात आलं, एवढं कौतुक शेवटी नरेशच्या कुंड्यांपायीच ना? आणि दुसऱ्या दिवशी पाइप पुन्हा भिंतीवर चढला.

सोळा जानेवारीला भैय्यालाल एकदाचा खत घेऊन उगवला. पोती उतरवून झाडाकडे बघत राहिला. "कका, तोर रुख ह पियासे हे. पानी नइ देवत हस का?"

गंगाधररावांनी वर पाहिलं. नऊ वर्षं तुकतुकीत असलेली पानं वळून पन्हाळीसारखी झाली होती. खाली उघड्या मुळ्या, भाठ्याची, म्हणजे माळाची मुरमाड जमीन, पाणी धरणारी नव्हेच. तीन आठवड्यांत तिची राख झाली होती. त्याच दिवशी त्यांनी खड्ड्यात खत भरलं, माती ओढली आणि पाइप आपल्या झाडाला लावला. चार दिवसांनी नरेश येणारच होता. पलीकडची ओली माती वरवर खुरप्यानं हलवून कोरडी करून टाकायला ते विसरले नाहीत. पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढलेला माणूस, सांडलेलं पुसायची सवय होती.

नरेश आला तो पिशवीभर संत्री घेऊन. "बागेतली शेवटची आहेत काका. बाबानं तुमच्यासाठी निवडून दिली. म्हणे, परक्या गावात माह्या पोराचं घर सांभाळणारा माणूस आहे, त्याले रिकाम्या हातानं भेटू नको."

गंगाधररावांनी पिशवी घेतली. शारदाबाईंनी लगेच एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून गंगाधररावांचा पुन्हा जळफळाट झाला. त्यांनी फोड घेतली नाही, दात आंबतात म्हणाले.

तासाभरानं नरेश भिंतीशी आला. चेहरा उतरलेला. "मावशी, जरा पाहा ना वो. झाड तर पालवीवर गेलं. एक कळी नाही. ताण बसलाच नाही. माहं काय चुकलं असन?"

शारदाबाईंनी जाऊन फांदी वाकवून पाहिली. त्यांनाही उलगडा होईना. "थंडी कमी पडली असन," त्या म्हणाल्या. "नाहीतर खालून कुठून ओल येत असन. होते असं."

"बाबाले काय सांगू? रोज विचारतात." नरेश खोडावरून हात फिरवत राहिला. "दहा वेळा समजावून सांगितलं होतं त्यांनी, अन् मले एक ताण देता येत नाही."

भिंतीच्या अलीकडे गंगाधरराव गुलाबाच्या फांद्या मोजत असल्यासारखे वाकले होते. त्यांना वाटलं होतं, या क्षणी छाती हलकी होईल. झालीही, थोडी.

आणि महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी, सकाळी नळाला पाइप लावायला ते अंगणात आले, तर वास आला.

आधी त्यांना वाटलं, तिकडून. मागच्या वर्षीची सवय, मान भिंतीकडे वळली. तिकडे पालवी होती नुसती. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या झाडावर पानोपानी पांढरे झुबके होते, काही उमलले, काही मिटलेले. पाइप हातातून सुटला आणि पाणी पायावरून वाहू लागलं. ते लहान मुलासारखे धावत आत गेले. "शारदा! अगं चल! चल लवकर!"

बाई आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. छाती भरून श्वास घेतला, चेहरा असा उजळला की गंगाधररावांना चाळीस वर्षांपूर्वीची तात्यापाऱ्यातली पोरगी दिसली. त्या झाडाखाली आल्या, एक फांदी गालाला लावली. गंगाधरराव त्यांच्यामागे उभे होते आणि आयुष्यात त्यांना आणखी काही नको होतं.

"पाहिलं? मी म्हणत होतो ना, माझ्या हातानं फुलन."

बाई हसल्या. मग सहज विचारलं, "याले ताण कधी दिला तुम्ही?"

"ताण-बिण काही नाही. रोज पाणी देत होतो, भरपूर."

"रोज पाणी दिलेल्या झाडाले असा बहार येत नाही वो." बाई अजून फुलांकडेच बघत होत्या. "हे झाड महिनाभर तरी कोरडं होतं. नळ तर रोज येत होता. अर्धा अर्धा तास पाइप चालू होता, मी आवाज ऐकत होते. मंग याच्या वाटचं पाणी गेलं..."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या माथ्यावर शेवाळ होतं आणि त्यात पाइपानं घासून घासून एक स्वच्छ खाच पडली होती. खाचेच्या बरोबर खाली, पलीकडे, नरेशचं हिरवंगार झाड. बाईंनी गालाची फांदी हळूच सोडली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. आत निघून गेल्या.

दिवसभर बाईंनी घरचं सगळं केलं. जेवायला वाढलं, औषधं काढून दिली, सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाधररावांनी पहिल्या पाण्याचा गिलास भरून समोर ठेवला. बाईंनी डबीतून गोळी काढली, मुठीत धरली, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "ज्योती, पोरी, एक गिलास पाणी दे."

"काहून मावशी, नळ नाही आला तुमच्याकडे?"

"आला. पण मले इथलं प्यायचं आहे."

गंगाधरराव पाइप धरून ऐकत होते. काटोलकडची ती गोष्ट त्यांना शब्दन् शब्द आठवली, वऱ्हाड्यांसकट.

तीन दिवस असं चाललं. बाई स्वयंपाक करत, पण स्वतः पाणी प्यायला शेजारी जात. झाडाखाली त्या एकदाही गेल्या नाहीत. अंगणाकडची खिडकी बंद करून घेतली. इकडे घरभर तो वास कोंडला होता, आणि ज्या बाईसाठी तो आणला होता ती नाकाला पदर लावून भाजी चिरत होती. गंगाधररावांना राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा नरेशचाच राग आला. चौथ्या दिवशी, रविवारी, आंघोळ करून ते नरेशच्या दारात गेले. नरेश अंगणात कुंड्यांची माती बदलत होता.

"नरेश, तुझं काही चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या झाडाला मी पाणी सोडलं. रोज. जाणूनबुजून."

नरेशच्या हातातलं खुरपं थांबलं.

"काहून?"

"तुझं झाड फुलत होतं म्हणून." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "शारदा तुझ्या भिंतीशी उभी राहते म्हणून."

"दुश्मनी होती तर कुऱ्हाड चालवायची होती काका," नरेश हळू आवाजात म्हणाला. "मले कळलं तरी असतं. तुम्ही पाणी टाकलं. महिनाभर मी सोताले दोष देऊन राहिलो. बाबाले म्हटलं, तुमचा पोरगा नालायक आहे, एक झाड नाही सांभाळता आलं त्याले."

"माझ्या झाडाचा फोटो पाठव त्यांना," गंगाधरराव काकुळतीला येऊन म्हणाले. "तुझं म्हणून पाठव. मी कोणाले नाही सांगणार."

नरेशनं खुरपं खाली ठेवलं. हात धुतले, आत गेला, दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. गंगाधररावांनी गिलास भरून बाईंसमोर ठेवला आणि तिथंच उभे राहिले.

"सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

त्यांनी कुऱ्हाडीचं सांगितलं. बाईंनी मान हलवली. "बरोबर म्हणाला." मग गोळी जिभेवर ठेवली, गिलास उचलला आणि पाणी प्यायल्या. "माझ्यापुरतं झालं," त्या म्हणाल्या. "त्याचं त्याच्याजवळ." त्या दिवशी त्यांनी खिडकी उघडली, आणि संध्याकाळी खुर्ची टाकून झाडाखाली बसल्या. गंगाधरराव पायरीवर बसले. वास खूप होता.

फुलं गळाली, गोटीएवढी हिरवी फळं धरली. पाडवा झाला. रायपूरचं ऊन बेचाळिसावर गेलं. एका दुपारी फाटक वाजलं. कुरियरवाल्यानं गंगाधररावांचं पाकीट चुकून शेजारी टाकलं होतं, ते द्यायला नरेश आला होता. नवा रायपूरहून नुकताच स्कूटरवर आलेला. शर्ट अंगाला चिकटलेला, ओठ कोरडे पडलेले. शारदाबाईंनी त्याला पंख्याखाली बसवलं. गंगाधरराव स्वतः उठले, माठातून गिलास भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

नरेशनं गिलासाकडे पाहिलं. मग खिडकीतून झाडावरच्या हिरव्या फळांकडे. ती उतरायला अजून कार्तिक यायचा होता.

"नको," तो म्हणाला. "तहान नाही."

पाकीट टेबलावर ठेवून तो उठला, "येतो मावशी" म्हणाला आणि गेला. गंगाधरराव गिलास धरून तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे टाकीचा नळ सुटल्याचा आवाज आला. नरेश ओंजळीनं पाणी पीत होता. बराच वेळ पीत होता.